डोकं बाकावर, बोट वर

माल्दोनादो, ११ मार्च २०१९

प्रिय अनाई,

पाकिटामागचं नाव वाचून म्हणशील, एलेउतेरिओ मास्तर अजून आहेत? आहेत, बाई. समुद्रापासून दोन गल्ल्या आत, आठव्या मजल्यावर, मुलाच्या घरी आहेत.

गेल्या आठवड्यात आमच्याकडे फोन आला. फोन म्हणजे सुनेचा मोबाइल, घरात तेवढा एकच असतो. एक मुलगी विचारत होती, घरात पासष्टच्या वरचं कोणी आहे का? फाबियानाने, म्हणजे माझ्या सुनेने, फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला. माझा डावा कान गेलाय आणि उजवा अर्ध्या पगारावर काम करतो. मुलगी मोठी गोड होती. घरात सुरक्षित वाटतं का? तुमचं म्हणणं ऐकलं जातं का? आयुष्याला दहापैकी किती गुण द्याल? मी दहा दिले. जन्मभर गुण देतच आलोय, कोणाला दहा दिले नव्हते.

शेवटी तिने वाचून दाखवलं, 'काही तक्रार असल्यास आमच्या पर्यवेक्षक अनाई तेचेरा यांना कळवावे.' मी ओरडलोच, 'कास्तिशोसच्या बेकरीवाल्या तेचेरांची अनाई?' पोरगी गडबडली. तिच्या कागदावर ह्याचं उत्तर नव्हतं. पत्ता मात्र दिला.

तुझा शाळेतला पांढरा डगला आठवतो. गळ्यातला निळा बो कायम सुटलेला, आणि खिशात पावाचा तुकडा. कविता म्हणायला उभी राहिलीस की आधी तो गिळायचीस.

मी मजेत आहे. विल्मार अतिशय कष्टाळू आहे, रोचामार्गे सीमेपर्यंत बस चालवतो, दिवसाआड घरी असतो. फाबियाना माझी फार काळजी घेते, फार म्हणजे फारच. घर अत्यंत सुंदर. खिडकीतून समुद्राची एक चिंधी दिसते आणि बसस्थानकाचं छप्पर पूर्ण दिसतं.

हे पत्र फाबियानाच टाकणार आहे. तिने आत्ताच वाचून बघितलं, पत्ता बरोबर आहे ना म्हणून.

तुझा मास्तर,
एलेउतेरिओ बेंतांकोर


मोंतेविदेओ, २० मार्च

मास्तर!

पत्र हातात आलं आणि मी ऑफिसात उभी राहिले. खरंच उभी राहिले, पाय आपोआप जुळले. शेजारची म्हणाली, 'काय गं, कर खात्याचं आहे का?' मी म्हटलं, त्याहून वरचं.

तुम्ही दहा दिलेत! वाचून मला हेवा वाटला. मी स्वतःला सहा देते, तेही रविवारी.

माझं काम सांगते. मोठी खोली, कानाला हेडफोन लावलेल्या पोरी, प्रत्येकीसमोर तोच कागद. यंदा निवडणुकीचं वर्ष, त्यामुळे सगळ्यांना सगळ्यांची मतं हवी आहेत. पण मला अडकवलंय ते म्हाताऱ्यांच्या सर्वेक्षणानं. तेच प्रश्न आम्ही काहींना फोनवर विचारले आणि काहींना मोबाइलवर लिंक पाठवून, म्हणजे त्यांनी आपले आपण वाचून बोटानं टिचकी मारायची; काहींना दोन्हीही. फोनवाले सगळे सुखी. घरात ऐकलं जातं? 'हो तर!' आणि टिचकीवाल्यांचं सुख एकदम निम्मं. देश तोच, वय तेच.

आमचे साहेब, इन्साउराल्दे, म्हणतात फोनवर लोक खोटं बोलतात. मी म्हणते, खोटं नाही हो, माणुसकी. पलीकडे पोरीचा गोड आवाज असला की 'मी दुःखी आहे' म्हणणं म्हणजे तिच्या तोंडावर दार लावणं. पडद्याला कोण लाजतो? शिवाय फोनवर म्हातारी माणसं शेवटचा ऐकलेला पर्याय निवडतात, कारण पहिला तोवर विसरलेला असतो. आणि पडद्यावर सगळ्यात वरचा. आता सांगा, ह्यात माणसाचं मत कुठे शोधायचं?

मग मला तुमचा वर्ग आठवला. कविता पाठ नसेल त्याला तुम्ही उभं करायचा नाहीत. म्हणायचात, 'सगळ्यांनी डोकं बाकावर, डोळे घट्ट. ज्याची कविता पाठ नाही त्याने बोट वर.' उभं करून विचारलं असतं तर सगळ्यांची पाठच होती. डोकं बाकावर ठेवलं की अर्धा वर्ग बोटं वर करायचा. आणि तुम्ही काय पाहिलंत ते कधी कोणाला कळलं नाही. आमच्या साहेबांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, 'बाक कुठून आणायचे?'

तुम्हीच सांगा, मास्तर, उत्तरांच्या कुठल्या ढिगाऱ्यावर विश्वास ठेवू?

तुमची,
अनाई


माल्दोनादो, २ एप्रिल

प्रिय अनाई,

तुझ्या ढिगाऱ्यांत माझी एक काडी आणखी पडली आहे. मागच्या शुक्रवारी तुमची ती लिंकही आली, फाबियानाच्या मोबाइलवर. अक्षरं मुंगीएवढी. ती म्हणाली, 'बाबा, डोळ्यांना कशाला त्रास, मी भरते.' भांडी घासता घासता, ओल्या बोटानं तिने भरूनही टाकलं. 'काय लिहिलंस?' विचारलं, तर म्हणाली, 'दहाच की. फोनवर दहा, इथे कमी कसे देऊ?' तेव्हा तुझ्या टिचकीवाल्यांतही एक अतिशय सुखी म्हातारा मिळव.

तुला ती कविता आठवते का, जी मी कुठल्या पुस्तकातून शिकवली नव्हती? बुतियाच्या ताडांच्या रानात मधल्या सुट्टीत जुळवली होती, तुमचे हात त्या केशरी फळांनी चिकट झालेले असताना:

वारा विचारी झावळ्यांना, 'बरंय का गं बायांनो?'
माना डोलवून म्हणती साऱ्या, 'बरंय बरं, राया हो!'
वारा गेला दूर समुद्री, रान जरासं थांबलं,
झावळीच्या कानी झावळीनं मग खरं ते सांगितलं.

आता वाचताना मात्रा लंगडतात. पण तुम्ही म्हणायचात तेव्हा लंगडत नव्हत्या, सगळा वर्ग झुलायचा.

इथे माझे दिवस फार छान जातात. फाबियाना सकाळी सुट्टीवाल्यांचे फ्लॅट साफ करायला जाते. जाताना दार बाहेरून बंद करून घेते, मला उठायचा त्रास नको म्हणून. किती विचार करते बघ. मग मी, खुर्ची आणि खिडकी. बसस्थानकाच्या छपराखालून गाड्या निघतात. विल्मारची गाडी मी मागच्या दिव्यांवरून ओळखतो, एक दिवा जरा मंद आहे. ती वळणापर्यंत दिसते. पुढचा रस्ता माझा पाठ आहे. सान कार्लोस, मग रोचा, मग माळ, मग पहिलं बुतियाचं झाड, एकटं, वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखं. ते दिसलं की कास्तिशोस आलं. विल्मार म्हणतो, तिथलं आपलं घर व्यवस्थित आहे. पण गल्लीत बस वळत नाही, तो तरी काय बघणार.

तू कधी गावी गेलीस तर घरामागच्या लिंबाकडे बघून ये. जगला आहे का एवढंच सांग.

मी अत्यंत आनंदात आहे. अत्यंत.

तुझा,
मास्तर


मोंतेविदेओ, २४ एप्रिल

मास्तर,

एप्रिलच्या सुट्टीत कास्तिशोसला जाऊन आले. लिंबाचं झाड जगलंय, नुसतं जगलं नाही, वाकलंय. कुंपणावरून हात घालून चार तोडली, त्यातलं एक माझ्या टेबलावर आहे. घर मी नीट पाहिलं नाही, उशीर झाला होता.

आता एक विचारते, रागावू नका. पाचवीत मी निबंधात लिहिलं होतं, 'माझी आजी फार फार प्रेमळ आहे.' तुम्ही लाल पेन्सिलीनं दोन्ही 'फार' खोडले आणि समासात लिहिलंत: 'फार हा शब्द माणूस रिकामी जागा भरायला वापरतो. आजीने काय केलं ते लिही.' तेव्हापासून मी हा शब्द लिहिताना घाबरते. आणि तुमची दोन्ही पत्रं 'फार', 'अतिशय', 'अत्यंत' ह्यांनी गच्च भरलीयत. लाल पेन्सिल फिरवली तर खाली काय उरतं? एक खुर्ची, एक खिडकी आणि बाहेरून बंद केलेलं दार.

मास्तर, त्या दाराला बाहेरून कुलूप असतं का? तुमच्याकडे किल्ली आहे का? आणि तुमची पत्रं पाकीट बंद होण्याआधी कोण वाचतं?

मी मूर्ख, इतके दिवस साहेबांशी भांडत होते, फोन खरा की टिचकी खरी. कोणी हे विचारलंच नाही की फोन कोणाच्या टेबलावर आहे आणि टिचकी मारणारं बोट कोणाचं आहे. तुमचे दहा दोन्ही ढिगाऱ्यांत आहेत आणि दोन्ही ठिकाणी तुम्ही नाही.

लगेच उत्तर द्या.

अनाई


माल्दोनादो, ६ मे

तेचेराबाई,

तुम्ही मला ओळखत नाही. मी फाबियाना. तुमचं पत्र मी उघडलं आणि ते ड्रॉवरमध्ये ठेवलंय. बाबांना दिलेलं नाही, देणारही नाही. ते रोज विचारतात, अनाईचं आलं का? मी सांगते, नाही आलं. घ्या, हेही तुमच्या कागदावर लिहा.

हो, कुलूप लावते. का लावते ते विचारलंत? मागच्या ऑगस्टमध्ये मी कामावर असताना हे घरातून निघाले, पायात सपाता, पाऊस धो धो. कास्तिशोसची गाडी पकडायची होती म्हणे. स्थानकासमोर पडले. खुब्याचं हाड. दवाखान्यात डॉक्टर माझ्यावर ओरडला, सगळ्या वॉर्डासमोर, 'बाई, तुमचं लक्ष कुठे होतं?' माझं लक्ष दुसऱ्यांचे संडास घासण्यात होतं. त्यांच्या मुलाला नाही कोणी विचारलं. तो रस्त्यावर होता ना.

आता पुन्हा पडले तर ह्या वयात उठणार नाहीत, असं तो डॉक्टरच म्हणाला. मग मी काय करू? नोकरी सोडू? तुम्ही येऊन बसता का दुपारच्या?

मी त्यांना उपाशी ठेवत नाही. वाटाण्याचं सूप त्यांना आवडतं तसं करते. येर्बाचा पाला भरून माते-चहाचा तुंबा आणि गरम पाण्याचा थर्मास हाताशी ठेवून जाते. त्यांच्या कविता ऐकते, कळत नाहीत तरी ऐकते. त्या झावळ्यांची तर मला पाठ झालीय.

फॉर्मवर दहा मी दिले. मग काय देणार? भांडी घासता घासता दोन देऊ? तुम्हाला बाई उत्तरं हवी असतात. मला संध्याकाळी दार उघडल्यावर माणूस खुर्चीत बसलेला हवा असतो. तुमच्या त्या लिंकमध्ये सुनेसाठी एकही प्रश्न नव्हता, मी शेवटपर्यंत खाली सरकवून पाहिलं.

कृपया असली पत्रं पाठवू नका.

फाबियाना सिल्वेरा दे बेंतांकोर


मोंतेविदेओ, २७ मे

विल्मार,

आपण एका शाळेत होतो, तू दोन वर्षं पुढे. मास्तरांचा मुलगा म्हणून तुला कायम पहिल्या बाकावर बसवायचे आणि कविता तुझी कधी पाठ नसायची. हे पत्र मी घरी न पाठवता स्थानकातल्या तुमच्या ऑफिसात पाठवतेय, कारण घरचं पत्र कोणाच्या हातात पडेल ते माहीत नाही. तुझ्या बायकोची चहाडी करायला लिहीत नाहीये. उलट, तिचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं.

आधी वाटलं, सरळ गाडीत बसावं आणि यावं. मग विचार केला, आले असते तर काय झालं असतं? मास्तरांनी तुंबा पुढे केला असता, फाबियाना समोर बसली असती, आणि मी विचारलं असतं, कसे आहात? 'अत्यंत आनंदात.' समोरासमोर माणूस सगळ्यात कमी खरं बोलतो, हे आमच्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात.

आमच्याकडे एक पद्धत आहे. मुलींनी घेतलेल्या मुलाखतींपैकी काहींना पर्यवेक्षक पुन्हा फोन करून पडताळतो. मी शनिवारी दुपारी तुमच्या घरी केला. फाबियानाने उचलला. तिला मी नाव न लपवता सांगितलं, पडताळणी आहे, दोन मिनिटं लागतील. ती म्हणाली, 'पुन्हा तुम्ही? बरं, विचारा, माझ्यासमोर विचारा.' मी म्हटलं, 'जरूर. फक्त स्पीकर बंद करून फोन त्यांच्या कानाला लावा. आवाज घुमला की आमचं रेकॉर्डिंग वाया जातं.' हे खोटं नाही, खरंच जातं.

आता तुझ्या वडिलांचा अर्धा कान. पहिल्याच पत्रात त्यांनी तो सांगितला होता, आणि मला वाटलं, शब्द निसटले तरी चाल पोहोचेल. म्हणून मी प्रश्न वाचले नाहीत, म्हटले. जसं आपण वर्गात म्हणायचो तसं, ठेका धरून, एकेक शब्द सुटा. आमच्या खोलीतल्या सगळ्या पोरी हेडफोन काढून माझ्याकडे बघत होत्या.

पहिलं वाक्य म्हटलं, 'मास्तर, डोकं, बाकावर.'

मला वाटलं, ऐकू आलं नाही. मग एक मोठा श्वास आला आणि ते म्हणाले, 'हं. विचारा, बाई.'

मी सांगितलं, फक्त आकडा बोला. दार बाहेरून बंद असतं का? कधीच नाही, एक. कधीकधी, दोन. रोज, तीन.

'तीन.'

कोणी तुमच्याशी वाईट वागतं का, हात उगारतं का, जेवण अडवतं का? नाही, एक. हो, दोन.

'एक,' म्हणाले. आणि मी पुढे जायच्या आत पुन्हा, 'एक. एक.' तुझ्या बायकोसाठी ते तीनदा म्हणाले, विल्मार. हे तिला कधीतरी सांग.

किल्ली मिळाली तर काय कराल? खाली कोपऱ्यापर्यंत जाऊन परत येईन, एक. कास्तिशोसची गाडी पकडेन, दोन. पर्यायांचा क्रम मी मुद्दाम असा ठेवला, कारण म्हातारी माणसं शेवटचा पर्याय पकडतात. त्यांनी शेवटचा पकडला नाही. म्हणाले, 'एक.'

दिवसभर खिडकीशी बसून गुदमरल्यासारखं होतं का? एक ते पाच, पाच म्हणजे सोसवत नाही.

'पाच.'

मागून फाबियानाचा आवाज आला, 'काय एवढे आकडे विचारतायत हो?' आणि तुझे वडील तिला म्हणाले, 'पाढे म्हणून घेतायत, पोरी. म्हाताऱ्याचं डोकं शाबूत आहे का बघतायत.' ती हसली. मलाही ऐकू आलं हसणं.

एकाने दिलेलं उत्तर दुसऱ्याला सांगणं हे आमच्या कामात सगळ्यात मोठं पाप आहे. त्यासाठी माणसाची नोकरी जाते. म्हणून शेवटचा प्रश्न विचारला, हे सगळं मी विल्मारला सांगू का? हो, एक. नको, दोन.

'एक.'

म्हणून लिहितेय. त्यांना घर सोडायचं नाही. त्यांना किल्ली हवी आहे.

आणि विल्मार, कास्तिशोसचं छप्पर मी पाहिलंय. मागची खोली पूर्ण बसलीय, स्वयंपाकघरातून आभाळ दिसतं. मी त्यांना लिहिलं, नीट पाहिलं नाही. तूही त्यांना सांगतोस, व्यवस्थित आहे. आपण दोघंही त्यांचेच विद्यार्थी, आणि दोघंही त्यांना दहापैकी दहा देतोय.

अनाई तेचेरा


चुई, ३ जून

अनाई,

मला पत्र लिहिता येत नाही, बाबांना विचार. तुझं गाडीत बसून वाचलं, प्रवासी चढायच्या आधी. मग एक बाई म्हणाली, ड्रायव्हर, निघायचं की कसं?

कास्तिशोसला थांबा पाच मिनिटांचा असतो. घर तिथून दोन गल्ल्यांवर. छप्पर बसलं तेव्हा एकदा जाऊन पाहिलं, पुन्हा गेलो नाही. थांब्यावर मी खाली उतरत नाही. आरशातही त्या बाजूला बघत नाही. घरी आलो की बाबा विचारतात, आज रान कसं होतं? मी म्हणतो, छान. ते म्हणतात, अजून सांग. माझ्याकडे अजून काही नसतं. मग मी आंघोळीला जातो आणि पाणी सोडून नुसता उभा राहतो.

किल्ली इथेच सीमेवर करून घेतली. खिशात आहे. फाबियानाला कसं सांगायचं ते कळत नाही. ती वाईट नाही. तिचे हात बघशील तर तुला कळेल.

विल्मार


माल्दोनादो, १७ जून

प्रिय अनाई,

हे पत्र कोणी वाचलेलं नाही. ह्यात 'फार' शोधून दाखव, सापडला तर पेन्सिल लाव.

काल रविवार, सकाळपासून पाऊस. पावसाच्या दिवशी घरोघरी होतं तेच आमच्याकडे, फाबियाना चरबीत तोर्ता तळत होती, मधे भोक पाडलेल्या, वर साखर. विल्मार घरी होता. तो नेहमीसारखा आंघोळीला पळाला नाही. टेबलाशी बसला, खिशात हात घातला आणि साखरेच्या वाटीशेजारी किल्ली ठेवली. नवी किल्ली, तिला अजून धार होती.

फाबियानाने तळणीतला झारा तसाच धरून विचारलं, 'हे काय?'

'बाबांची.'

'बाबांची! आणि पडले तर? कोण उचलणार? तू? तू तर चुईच्या वाटेवर गाणी ऐकत असतोस!'

'रेडिओ बिघडलाय.'

'जीभ पण बिघडलीय वाटतं तुझी! घरी येऊन दोन शब्द बोलत नाहीस. डॉक्टरच्या शिव्या कोणी खाल्ल्या? कोणी?'

'मी काय करू? गाडी सोडून घरी बसू?'

'मग मी बसू?'

आवाज चढले की मला शब्द कमी आणि चाल जास्त ऐकू येते. आणि ती चाल माझ्या ओळखीची होती. कविता पाठ नसलेला पोरगा जास्तीत जास्त मोठ्यानं म्हणतो. मी टेबलावर हात आपटला. खरा आवाज काढला, वर्गातला. मला वाटलं होतं तो कास्तिशोसलाच राहिला.

'डोकं खाली. दोघांनी.'

विल्मार म्हणाला, 'बाबा, आम्ही काय पोरं आहोत?'

'डोकं खाली, विल्मार. पाठांतरात तू कायम मागे होतास. सूनबाई, तो गॅस बंद कर आणि तूही.'

फाबियाना उभीच होती. म्हणाली, 'मी नव्हते तुमच्या शाळेत.'

'म्हणूनच आज प्रवेश घे.'

तिने गॅस बंद केला, हात पुसले, आणि बसली. टेबलावरच्या मेणकापडावर दोघांनी कपाळ टेकवलं. साखर सांडलेली होती, विल्मारच्या केसांना लागली. त्याचे टाळूवरचे केस विरळ झालेत, अनाई. मला माहीतच नव्हतं, मी त्याला वरून कधी पाहिलं नव्हतं, शाळेनंतर.

'डोळे घट्ट. कोणी बघायचं नाही, कोणी हसायचं नाही. प्रश्न एकच आहे. ह्या घरात कोंडल्यासारखं कोणाला वाटतं, त्याने बोट वर.'

मी माझं बोट वर केलं. नियम असा नव्हता, मास्तर कधी बोट वर करत नसे. पण ह्या वेळी मीही वर्गात होतो.

पाऊस खिडकीवर आपटत होता. तळणीतल्या चरबीत अजून बुडबुडे फुटत होते. मी थांबलो, घाई केली नाही. पोरांना वेळ लागतो, हे तू तुझ्या फोनवाल्या पोरींना सांग. प्रश्न विचारून लगेच पुढच्यावर उडी मारतात त्या.

पहिलं बोट फाबियानाचं वर आलं. साबणानं सोललेलं, कांड्याजवळ चिरलेलं. सरळ, ताठ. पाणी मागणाऱ्या पोराचं असतं तसं. मग विल्मारचं, खांद्यापासून अर्धवट, खाली-वर होत, आणि शेवटी पूर्ण.

चाळीस वर्षं मी हा खेळ खेळलो. बोटं मोजली, मनात ठेवली, आणि म्हटलं, 'बोटं खाली, आता डोळे उघडा.' कोणाची किती होती हे कोणाला कळू दिलं नाही. तीच माझी इमानदारी होती. तुझंही काम त्याच इमानावर चालतं, आणि तू परवानगी मागून ते मोडलंस. मग मलाही वाटलं, मागून पाहावी.

मी विचारलं, 'जे मला दिसतंय ते तुम्हालाही दाखवू का? हो असेल तर बोट तसंच ठेवा.'

दोन्ही बोटं तशीच राहिली.

म्हटलं, 'मग बोटं खाली आणू नका. आता डोळे उघडा.'

मग काय झालं ते सांगत नाही, सगळं सांगायचं नसतं. तोर्ता थंड झाल्या आणि आम्ही त्या थंडच खाल्ल्या. दुपारी विल्मारने मला घराच्या छपराविषयी सांगितलं. मला माहीत होतं. 'व्यवस्थित' हा शब्दही तुझ्या 'फार'च्याच गोत्रातला. पण त्याने सांगितलं, आणि मग त्याच्याकडे सांगायला आणखीही बरंच निघालं. फाबियाना ड्रॉवरमधून तुझं पत्र घेऊन आली आणि माझ्या मांडीवर ठेवून गेली.

कुलूप अजून आहे, दारही तेच, आणि आज सकाळी फाबियाना त्याच वेळी कामाला गेली. जाताना बाहेरून किल्ली फिरवायला तिचा हात गेला, मी आतून उजवा कान दाराला लावून ऐकलं. मग थांबला. ती बराच वेळ दाराबाहेर उभी होती. मीही आत उभा होतो, तिला कळू नये म्हणून श्वास धरून. मग लिफ्टचा आवाज आला.

आता मी कोट घालतो आणि हे पत्र टाकायला कोपऱ्यापर्यंत जातो. बूट घातलेत, सपाता नाहीत. फाबियानाला सांग म्हणून नाही, तुला सांगतो.

परत येईन. तू विचारलंस तेव्हा 'एक' म्हणालो होतो ना.

तुझा,
मास्तर